कॅन्सर बरा झाला, मग दातांना काय झालं?

ज्यांनी हेडफोन लावून हा भाग ऐकलाय त्यांना आज काय आहे ते माहीत आहेच. ज्यांचा डेटा संपलाय, एसटीत रेंज जातेय किंवा वर्गात मागच्या बाकावर बसून ऐकता येत नाहीये, त्यांच्यासाठी हा लिखित भाग. बोलले तसंच लिहिलंय, फक्त मधले ‘अं... म्हणजे...’ काढून टाकलेत.

आजचा विषय माझ्या तोंडातला आहे. अक्षरशः.

मी कराडजवळच्या एका गावातली. जिल्हा सातारा. सध्या शिकायला सांगलीत आहे. २००७ साली, तीन वर्षांची असताना मला रक्ताचा कॅन्सर झाला. डॉक्टर त्याला एएलएल म्हणतात. लहान मुलांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा कॅन्सर हाच. उपचार मुंबईला टाटा मेमोरियलमध्ये झाले आणि अडीच वर्षं चालले. आई-पप्पा मला घेऊन कोयना एक्सप्रेसने दादरला उतरायचे आणि गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत राहायचे. मला त्यातलं फारसं आठवत नाही. सलाईनची बाटली, आईच्या पदराचा वास आणि डोक्यावर केस नसलेली खूप मुलं, एवढंच आठवतं.

मी बरी झाले. केस परत आले, शाळा सुरू झाली. घरात तो विषय बंद झाला. आजी सगळ्यांना बजावायची, “पोरीच्या जातीला उगं डाग लागंल. कुठं बोलू नगा.” म्हणून कुणी बोललं नाही. शाळेत नाही, पाहुण्यांत नाही. आणि डेंटिस्टकडे तर नाहीच, कारण दातांचा आणि कॅन्सरचा काय संबंध?

संबंध आहे. तो कळायला मला एकोणिसावं वर्ष उजाडलं. आजचा भाग त्याच संबंधाबद्दल.

एक दाढ, जी कधी आलीच नाही

बारा वर्षांची असताना माझी खालची एक दुधाची दाढ किडली. गावाकडून जवळच असलेल्या एका दवाखान्यात आई मला घेऊन गेली. डॉक्टरांनी बघितलं आणि म्हणाले, “दुधाचीच आहे, काढून टाकू. खालून पक्की येईल.” एक्स-रे काढला नाही. त्यांनी विचारलं, “काही मोठा आजार वगैरे?” आईने माझ्याकडे बघितलं, मी आईकडे बघितलं, आणि आई म्हणाली, “नाही हो, काही नाही.”

दाढ काढली. आम्ही वाट बघितली. एक वर्ष, दोन वर्षं. पक्की दाढ आली नाही. मागची दाढ हळूहळू त्या रिकाम्या जागेत कलली. समोरच्या पटाशीच्या दातांवर हिरडीजवळ एक पांढरट-तपकिरी आडवी रेघ होती, ती माझ्या फोटोंत दिसायची. मी ओठ मिटून हसायला शिकले. प्रत्येक डेंटिस्ट सांगायचा, “ब्रश नीट करत जा.” आणि प्रत्येक वेळी घरी आल्यावर आई म्हणायची, “माझंच चुकलं. आजारपणात तू काही खात नव्हतीस, म्हणून मी गोळ्या-चॉकलेटं द्यायचे.”

ही अपराधी भावना तिने बारा-तेरा वर्षं सांभाळली. आणि ती चुकीची होती.

दात बनतो कसा, आणि कधी?

आता जरा विज्ञान. कंटाळू नका, सोपं आहे.

आपल्याला वाटतं, दात येतो तेव्हा तो बनतो. तसं नसतं. दात हिरडीतून वर येतो त्याच्या कितीतरी वर्षं आधी तो जबड्याच्या हाडात गुपचूप तयार होत असतो. सहाव्या वर्षी येणारी पहिली पक्की दाढ बाळाच्या जन्माच्या सुमारास घडायला लागते. पटाशीचे पक्के दात तीन-चार महिन्यांच्या वयापासून घडू लागतात आणि त्यांचा दिसणारा भाग साधारण चार ते पाच वर्षांपर्यंत पूर्ण होतो. उपदाढा, म्हणजे सुळ्यांच्या मागच्या दोन-दोन लहान दाढा, दीड ते अडीच वर्षांच्या वयात सुरू होतात आणि पाच ते सात वर्षांपर्यंत घडतात. बाराव्या वर्षी येणारी दुसरी दाढ अडीच-तीन वर्षांपासून सात-आठ वर्षांपर्यंत. अक्कलदाढ सगळ्यात शेवटी, सात ते दहाच्या दरम्यान सुरुवात. आणि मुळं? दात वर आल्यानंतरही मूळ पूर्ण व्हायला साधारण तीन वर्षं लागतात.

म्हणजे पाळण्यापासून दहावी-बारावीपर्यंत आपल्या जबड्यात कुठलं ना कुठलं बांधकाम चालूच असतं.

या बांधकामावर दोन गवंडी असतात. एका प्रकारच्या पेशी बाहेरचं कडक इनॅमल बनवतात, दुसऱ्या आतला डेंटिन. डेंटिन बनवणाऱ्या पेशी आयुष्यभर आत राहतात. इनॅमल बनवणाऱ्या पेशी मात्र काम संपलं की निघून जातात. कायमच्या. म्हणून हाड मोडलं तर जुळतं, केस गेले तर येतात, नख तुटलं तर वाढतं, पण इनॅमल एकदा जसं बनलं तसंच. त्याला दुसरी संधी नाही.

औषध तिथे काय करतं?

केमोथेरपी भराभर वाढणाऱ्या पेशींवर हल्ला करते. कॅन्सरच्या पेशी तशा असतात म्हणून त्या मरतात. पण केसांच्या मुळातल्या पेशी, तोंडाच्या आतल्या त्वचेच्या पेशी आणि हाडाच्या मगजातल्या पेशीही तशाच भराभर वाढतात. म्हणून केस जातात, तोंड येतं, रक्त कमी होतं. हे सगळ्यांना माहीत असतं, कारण ते लगेच दिसतं.

दाताचा कोंबसुद्धा भराभर वाढणाऱ्या पेशींचाच असतो. त्याला लागलेला मार मात्र लगेच दिसत नाही. तो पाच-सात-दहा वर्षांनी दिसतो, दात बाहेर यायची वेळ होते तेव्हा. तोवर सगळे आजार विसरलेले असतात.

एक मजेची गोष्ट सांगते. एएलएलमध्ये हमखास दिलं जाणारं एक औषध आहे, व्हिनक्रिस्टिन. ते मुळात सदाफुलीपासून मिळालं. तुमच्या-माझ्या अंगणातली तीच गुलाबी-पांढरी सदाफुली. (पानं चावायला जाऊ नका, विषारी असतात.) हे औषध पेशीच्या आतले बारीक धागे बनू देत नाही. त्या धाग्यांशिवाय कॅन्सरची पेशी दुभंगू शकत नाही, म्हणून ती मरते. पण दात बनवणाऱ्या पेशी आपला माल बाहेर टाकायला त्याच धाग्यांचा वापर करतात. ते विस्कळीत झाले की बांधकाम अडखळतं. सायक्लोफॉस्फमाइडसारखी औषधं तर कोवळ्या पेशीच मारतात. पेशीच उरल्या नाहीत तर दात लहान राहतो किंवा बनतच नाही.

रेडिएशनचं वेगळं आहे. जबडा किरणांच्या वाटेत आला तर त्या भागातले दात, जबड्याचं हाड आणि लाळेच्या ग्रंथी, तिघांवरही परिणाम होतो. रेडिएशनचा डोस ‘ग्रे’ या एककात मोजतात. दातांपर्यंत २० ग्रेपेक्षा जास्त पोचलं तर त्रासाची शक्यता बरीच वाढते, पण दाताचा कोंब अगदी कोवळा असेल तर त्याहून कमी डोसही पुरतो.

ऊस आणि द्राक्षं

हे सगळं मला नीट कळलं ते आमच्याकडच्या शेतामुळे.

ऊस बघा. पाणी वेळेवर मिळालं तर कांडी लांब पडते. उन्हाळ्यात दोन महिने पाणी तुटलं तर तेवढीच कांडी आखूड पडतात. पुढे पाऊस पडतो, ऊस पुन्हा जोमाने वाढतो, पण ती आखूड कांडी तशीच राहतात. तोडणीच्या वेळी ऊस हातात धरून जुना शेतकरी सांगतो, अमुक महिन्यात पाणी कमी पडलं होतं.

इनॅमलचं तसंच आहे. ते दाताच्या टोकाकडून हिरडीकडे थरथराने बनत जातं. मध्ये काही महिने मार बसला तर तेवढाच पट्टा कच्चा, पांढरट किंवा तपकिरी राहतो. माझ्या पटाशीच्या दातांवरची रेघ हिरडीजवळ आहे, कारण मी आजारी पडले तेव्हा त्या दातांचं टोक आणि मधला भाग बनून झाला होता. तिथेच काम अडलं. रेघेची जागा म्हणजे वयाची नोंद.

आणि न आलेली दाढ? त्यासाठी माझ्या तासगावच्या मामाचं ऐका. तो द्राक्षबागायतदार. द्राक्षाची दोनदा छाटणी होते, एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये. घड दिसतात ते ऑक्टोबर छाटणीनंतर, पण ते ठरतात एप्रिल छाटणीनंतर, काडीच्या डोळ्यात सूक्ष्मघड तयार होतात तेव्हा. मी त्याला माझ्या दाढेचं सांगितलं तर तो पटकन म्हणाला, “मंजे एप्रिल छाटणीच्या टायमाला ढगाळ वातावरण आलं. मग ऑक्टोबरात किती बी खत घाल, घड न्हाई.”

यापेक्षा चांगलं कुणी समजावलेलं नाही. उपदाढेचा कोंब नुकता धरत होता आणि नेमकी तेव्हा केमो सुरू झाली.

मग नेमकं काय काय होऊ शकतं?

एक. एखादा पक्का दात बनतच नाही. बहुतेक वेळा उपदाढा किंवा दुसरी दाढ.

दोन. दात बनतो पण खूप लहान, कधी खुंटीसारखा.

तीन. मूळ आखूड राहतं, टोकाला निमुळतं होतं. बाहेरून दात अगदी ठणठणीत दिसतो, हे लक्षात ठेवा. हे फक्त एक्स-रेमध्ये कळतं.

चार. इनॅमल कच्चं, डाग पडलेलं. अशा दाताला कीड लवकर लागते.

पाच. दात उशिरा येतात.

सहा. तोंडाजवळ रेडिएशन झालं असेल तर लाळ कमी होते. लाळ तोंडातलं आम्ल धुऊन काढते. ती कमी झाली की कीड वाढते. जबड्याची वाढ एका बाजूला कमी होऊ शकते, तोंड पूर्ण उघडायला त्रास होऊ शकतो.

हे सगळ्यांना होतं का? नाही. तीन गोष्टींवर अवलंबून आहे. वय किती होतं, औषध कुठलं आणि किती, आणि जबड्याला रेडिएशन मिळालं का. पाच वर्षांच्या आत उपचार झाले असतील तर शक्यता जास्त. चौदाव्या वर्षी उपचार झाले असतील तर अक्कलदाढ सोडून सगळे दात आधीच घडलेले असतात.

अमेरिका आणि कॅनडामध्ये याचा मोठा अभ्यास झालाय. १९७० ते १९८६ या काळात कॅन्सर झालेल्या आणि नंतर बऱ्या झालेल्या ९ हजारांहून जास्त जणांची तुलना सुमारे ३ हजार सख्ख्या भावंडांशी केली. भावंडांशी का? कारण घर तेच, जेवण तेच, ब्रश करायच्या सवयी त्याच. तरीसुद्धा लहान दात आणि मुळांचे दोष यांची शक्यता बऱ्या झालेल्यांमध्ये साधारण तिप्पट निघाली. हा आकडा मी आईला मोबाईलवर मोठा करून दाखवला. चॉकलेट तर माझा भाऊही खायचा की!

एक गोष्ट ठासून सांगते. हे ऐकून कुणी उपचारांना घाबरू नका. चांगले उपचार मिळाले तर आज श्रीमंत देशांत एएलएल झालेल्या १० पैकी जवळपास ९ मुलं बरी होतात, आणि आपल्याकडेही खूप मुलं बरी होतात. एक दाढ कमी असलेली मी इथे बसून बडबड करतेय. हा सौदा मला मंजूर आहे. मला फक्त तो आधी कुणी सांगायला हवा होता.

सांगलीतला एक्स-रे

एकोणिसाव्या वर्षी मला दातांना तार लावायची होती. सांगलीत डेंटल कॉलेजं आहेत, तिथे खर्च कमी येतो, म्हणून एका कॉलेजात गेले. फॉर्मवर ‘पूर्वीचे आजार’ या रकान्यात सवयीने ‘नाही’ लिहिलं.

त्यांनी आधी ओपीजी काढला. ओपीजी म्हणजे वरचे-खालचे सगळे दात, मुळं आणि जबडा एकाच फोटोत दाखवणारा एक्स-रे. यंत्र तोंडाभोवती गोल फिरतं, दुखत-बिखत काही नाही.

मॅडमनी तो स्क्रीनवर लावला आणि थोडा वेळ गप्प बसल्या. मग वळून मला म्हणाल्या, “तू तीन-चार वर्षांची असताना काय झालं होतं?”

मी हादरले. सोळा वर्षं घरात दाबून ठेवलेली गोष्ट या बाईंनी एका फोटोवरून ओळखली होती. त्यांनी एकेक दाखवलं. इथे उपदाढ नाही. पलीकडची आहे, पण बघ किती बारीक. दुसरी दाढ लहान. आणि या पटाशीच्या दातांची मुळं हवी त्यापेक्षा आखूड आणि निमुळती आहेत. “या सगळ्या दातांचं काम एकाच वेळी अडलंय,” त्या म्हणाल्या.

मग मी सांगितलं. पहिल्यांदाच, घराबाहेरच्या माणसाला.

त्या शांतपणे म्हणाल्या, “बरं झालं सांगितलंस. तार म्हणजे दातावर जोर. मूळ आखूड असलेल्या दातावर नेहमीसारखा जोर दिला तर मूळ आणखी झिजतं. दात हलायला लागला असता.” त्यांनी तार नाही म्हटलं नाही. कमी जोराची, थोड्या काळासाठी, मधून मधून एक्स-रे काढत करू म्हणाल्या. कललेली दाढ थोडी सरळ करू, रिकाम्या जागेचं नंतर बघू. डागांवर दाताच्या रंगाचं फिलिंग करून ती रेघ झाकली. अर्ध्या तासात. ज्या रेघेपायी मी सात वर्षं ओठ मिटून हसले, ती अर्ध्या तासात झाकली गेली.

आणि ती बाराव्या वर्षी काढलेली दुधाची दाढ? खाली पक्का दात नसेल तर दुधाचा दात शक्य तेवढा वाचवतात. किडला असेल तर भरतात, कॅप घालतात. चांगला जपला तर तो कित्येक वर्षं टिकतो. म्हणजे त्या दिवशी एक एक्स-रे निघाला असता, किंवा आम्ही दोन वाक्यं खरं बोललो असतो, तर ती दाढ कदाचित आजही असती. मी त्या डॉक्टरांना दोष देत नाही. त्यांनी विचारलं होतं. आम्हीच खोटं बोललो.

तुम्ही काय करायचं?

तुम्ही स्वतः, तुमचं भावंड, चुलत-मावस कुणीही लहानपणी कॅन्सरमधून बरं झालं असेल तर हा भाग त्यांना पाठवा.

पहिलं काम, फाईल शोधा. कुठला आजार, कुठल्या वयात, कुठली औषधं, रेडिएशन दिलं का, शरीराच्या कुठल्या भागाला आणि किती ग्रे. हे एका कागदावर हवं. फाईल हरवली असेल तर जिथे उपचार झाले तिथे विचारा. टाटा मेमोरियलमध्ये उपचार पूर्ण झालेल्या मुलांसाठी १९९१ पासून वेगळं एसीटी क्लिनिक आहे. उपचारांनंतर वर्षानुवर्षं काय परिणाम होतात ते बघणं हेच त्याचं काम. २००९ मध्ये इंडियन कॅन्सर सोसायटीच्या पुढाकाराने सुरू झालेला ‘उगम’ हा बऱ्या झालेल्यांचाच गट आहे. तिथे तुमच्यासारखी माणसं भेटतात.

दुसरं, दर सहा महिन्यांनी दात दाखवा. दुखत नसलं तरी. सांगलीत भारती विद्यापीठाचं डेंटल कॉलेज आहे, कवलापूरला वसंतदादा पाटील डेंटल कॉलेज आहे, कराडला कृष्णा आहे. डेंटल कॉलेजात लहान मुलांच्या दातांचा स्वतंत्र विभाग असतो, मुलांना तिथे न्या.

तिसरं, पाच-सहा वर्षांच्या सुमारास एक ओपीजी काढून घ्या. पक्का दात खाली आहे की नाही ते तेव्हाच कळतं. आणि दात काढण्याआधी किंवा तार लावण्याआधी तर काढाच. तार लावायची असेल तर उपचार संपून, आजार परत न येता, किमान दोन वर्षं होऊ द्यावीत असं सांगतात.

चौथं, जबड्याला जास्त रेडिएशन मिळालं असेल, विशेषतः ४० ग्रेच्या आसपास किंवा वर, तर दात उपटण्याआधी कॅन्सरच्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय कुणालाही हात लावू देऊ नका. तिथलं हाड नीट भरून येत नाही, जखम महिनोन् महिने चिघळू शकते.

पाचवं, फ्लोराइडची पेस्ट, दिवसातून दोनदा. कच्च्या इनॅमलला हाच आधार. आणि मिसरी बंद. आमची आजी मिसरी लावायची, लहानपणी मलाही बोटावर द्यायची, ‘दात घट्ट होत्यात’ म्हणून. मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. गुटख्याला राज्यात २०१२ पासून बंदी आहे, मिळतो कसा ते तुम्हाला माहीत आहे. एकदा कॅन्सर पाहिलेल्या तोंडात दोन्ही नकोत.

तुमचे प्रश्न

मागच्या भागात विषय जाहीर केल्यावर मेसेज आले. त्यातले तीन.

*“माझ्या पुतण्याची केमो आत्ता चालू आहे. दातांसाठी आत्ता काही करता येईल का?”* येईल. उपचार सुरू होण्याआधी किंवा लवकरात लवकर दात तपासून घ्या, म्हणजे किडलेला दात मध्येच त्रास देत नाही. अगदी मऊ ब्रश वापरा. उलटी झाली की लगेच ब्रश न करता आधी साध्या पाण्याने खळखळून चूळ भरा. गोड सिरप दिलं की वर पाणी पाजा. पेशी कमी असताना दात काढायला घरच्या घरी कुठेही नेऊ नका, रक्त थांबत नाही आणि जंतुसंसर्ग होतो. आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना फोन. दात बनताना बसणारा मार मात्र यातून पूर्ण टळत नाही, म्हणून नंतरची तपासणी महत्त्वाची.

*“रिकाम्या जागी इम्प्लांट बसवता येतं का?”* वाढ पूर्ण झाल्यावर. वाढत्या जबड्यात बसवलेलं इम्प्लांट जागेवर अडकून राहतं आणि बाजूचे दात पुढे सरकतात. तोवर काढता-घालता येणारा दात किंवा ब्रिजचा पर्याय असतो. जबड्याला रेडिएशन झालं असेल तर वेगळा विचार करावा लागतो.

*“शाळेत तपासणीला टीम येते, त्यांना सांगायचं का?”* सांगायचं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला. अंगणवाडी आणि शाळेत येणारी ती टीम दातही बघते. पण तुम्ही सांगितलं नाही तर त्यांना फक्त कीड दिसेल, कारण दिसणार नाही.

शेवटचं

त्या दिवशी कॉलेजातून बाहेर आले आणि विश्रामबागच्या स्टॉपवर उभं राहून आईला फोन केला. म्हटलं, “आई, चॉकलेटामुळे नव्हतं गं.” सगळं समजावून सांगितलं. ऊस, द्राक्षं, मुळं. ती बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, “फाईल आहे माझ्याकडं. ट्रंकेत, लग्नातल्या शालूच्या खाली. टाकवली नाही कधी.”

पुढच्या शनिवारी घरी गेले. आईने ट्रंक उघडली. पिवळी पडलेली फाईल, तिच्यावर नंबर, आत तीन वर्षांच्या माझा एक फोटो, टक्कल केलेला, आणि हसताना दिसणारे पांढरे शुभ्र दुधाचे दात. ते दात ठीकच होते, कारण ते आजाराच्या आधी बनून झाले होते. पक्के दात त्यांच्या खाली, हाडात, त्या वेळी बनत होते.

आजी बाजूलाच बसली होती. फाईल बघून म्हणाली, “आता ही कुणाला दावणार?”

“डेंटिस्टला,” मी म्हटलं. “आणि ज्याच्याशी लग्न करीन त्यालाही.”

आजी काही बोलली नाही. फाईलवरची धूळ तिने पदराने पुसली.

तर मंडळी, आज एवढंच करा. तुमच्या घरात अशी एखादी फाईल ट्रंकेत, माळ्यावर, कपाटाच्या तळाशी असेल तर काढा. प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो घ्या आणि घरातल्या दोघांना पाठवून ठेवा. पुढच्या वेळी डेंटिस्ट विचारेल, “काही मोठा आजार?” तेव्हा एकमेकांकडे बघू नका. सांगा.

पुढच्या भागात भेटू. तोवर काळजी घ्या, आणि हसताना ओठ मिटू नका.